ज्याला भंगारात भाव नाही तेच समुद्रात जातं

जुलैमधली मोठी भरती होऊन गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काही जण दादर चौपाटीवर साफसफाईला जातो. सगळे जमेपर्यंत, ग्लोव्हज वाटून होईपर्यंत साडेसात वाजतात, आणि त्याच्या आधीच पहाटे पोतं घेऊन कोणीतरी येऊन गेलेलं असतं. कधी एखादी बाई असते, कधी म्हातारे काका. वाळूवरच्या पाण्याच्या बाटल्या, शाम्पूचे जाड डबे, फुटकी बादली असलं सगळं त्यांनी उचलून नेलेलं असतं. आमच्यासाठी जे उरतं ते दरवर्षी तेच, वेफर्सची पाकिटं, बिस्किटांचे रॅपर, शाम्पूचे सॅशे, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोल, पातळ झबला पिशव्या, इअरबडच्या काड्या, दोऱ्यांचे गुंते.

दोन-तीन वर्षं मी हे नुसतं बघत होते. मग हळूहळू कळलं की पोत्यात काय गेलं आणि वाळूत काय राहिलं, एवढं नीट बघितलं तरी समुद्रातल्या प्लास्टिकचं निम्मं गणित समजतं. ज्याचे भंगारवाला पैसे देतो ते सहसा समुद्रापर्यंत पोचत नाही आणि पोचलंच तर कोणीतरी परत उचलतं. ज्याला तो हात लावत नाही ते नाल्यात, नाल्यातून खाडीत आणि खाडीतून दर्यात. आपण मात्र या विषयावर बोलायला लागलो की पाच मिनिटांत लोकांच्या अकलेवर आणि संस्कारांवर येतो, आपल्याकडे शिस्तच नाही वगैरे. शिस्तीचा भाग आहेच, पण माझं म्हणणं असं आहे की भावाचा भाग त्याहून मोठा आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी प्लास्टिक नाहीसं का होत नाही ते बघू. केळीची साल कुजते म्हणजे काय होतं, तर बॅक्टेरिया आणि बुरशी ती खातात. त्यांना लाखो वर्षांत साल, पान, लाकूड, मेलेला मासा खायची सवय झालेली आहे. प्लास्टिक म्हणजे तेल आणि गॅसपासून बनवलेल्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या, आणि पूर्णपणे माणसानं बनवलेलं पहिलं प्लास्टिक, बेकेलाइट, आलं 1907 मध्ये. म्हणजे हा पदार्थ जगात येऊन सव्वाशे वर्षंही झालेली नाहीत. त्याला खाणारं फारसं कोणी नाही, म्हणून ते कुजत नाही, फक्त तुटतं. उन्हानं कडक होतं, लाटांनी आपटून त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे आणखी तुकडे. गच्चीवरची जुनी प्लास्टिकची दोरी हातात घेतली की कशी भुगा होऊन बोटांना चिकटते, तसंच. पाच मिलिमीटरपेक्षा लहान झालं की त्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात, हा शब्द समुद्रातल्या कणांसाठी रूढ झाला तो रिचर्ड थॉम्पसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या 2004 मधल्या संशोधनानंतर.

दुसरी गोष्ट, सगळं प्लास्टिक तरंगत नाही. आपल्याला वाटतं प्लास्टिक म्हणजे हलकं, ते पाण्यावरच राहणार. पण समुद्राचं एक लिटर पाणी साधारण 1.025 किलो भरतं, आणि पिशव्यांचं पॉलिथिन, बाटलीच्या झाकणाचं प्लास्टिक त्याच्यापेक्षा हलकं असतं, म्हणून ते तरंगतं. पाण्याची बाटली ज्या पेट (PET) नावाच्या प्लास्टिकपासून बनते ते पाण्यापेक्षा बरंच जड असतं. झाकण घट्ट लावलेलं असेल तर आतल्या हवेमुळे बाटली तरंगते, झाकण निघालं की पाणी भरून ती तळाला जाते आणि झाकण एकटंच पोहत राहतं. किनाऱ्यावर बाटल्यांपेक्षा झाकणं इतकी जास्त का सापडतात ते मला हे वाचल्यावर कळलं. शिवाय जे तरंगतं त्याच्यावर शेवाळ आणि शिंपले चिकटत जातात आणि तेही जड होऊन कधीतरी बुडतं.

आता ते बेट. पॅसिफिक महासागरात कचऱ्याचं मोठं बेट आहे, त्यावर चालता येतं, असं तुम्ही व्हॉट्सॲपवर नक्की वाचलं असेल. बेट असं काही नाहीये. चार्ल्स मूर नावाचा खलाशी 1997 मध्ये शर्यतीनंतर बोट घेऊन घरी परतताना कॅलिफोर्निया आणि हवाईच्या मधल्या भागातून गेला, तेव्हा त्याला दिवसेंदिवस पाण्यात प्लास्टिकचे तुकडे दिसत राहिले आणि त्याच्यामुळे हा विषय जगासमोर आला. तिथे समुद्राचे प्रवाह मोठ्या चक्रात फिरतात, त्या भोवऱ्यात तरंगणारं सगळं हळूहळू गोळा होतं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या पट्ट्याचं क्षेत्रफळ 16 लाख चौरस किलोमीटर धरलंय, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाचपट, आणि त्यातलं प्लास्टिक सुमारे 79 हजार टन. भागाकार करून बघा, एका चौरस किलोमीटरमध्ये जेमतेम 50 किलो येतं. म्हणजे सिमेंटच्या एका गोणीएवढं वजन सगळं मिळून, तेही तुकड्या-तुकड्यांत विखुरलेलं, म्हणून ते जहाजावरूनही नीट दिसत नाही आणि जाळं टाकून काढायचं म्हटलं तर त्याच्याबरोबर समुद्रातले छोटे जीवही येतात. बेट असतं तर उलट सोपं होतं, क्रेन लावली असती.

त्याच अभ्यासातला अजून एक आकडा मला महत्त्वाचा वाटतो. त्या 79 हजार टनांपैकी जवळजवळ निम्मं, 46 टक्के, मासेमारीची जाळी होती. आपण सगळे स्ट्रॉबद्दल बोलत होतो तेव्हाची ही गोष्ट. कासवाच्या नाकातून स्ट्रॉ ओढून काढतानाचा 2015 मधला कोस्टा रिकाचा व्हिडिओ बघून जग हळहळलं, मीही, आणि हॉटेलांनी कागदी स्ट्रॉ आणल्या. त्यात चुकीचं काही नाही, पण तोटी नेमकी कुठली उघडी आहे ते त्यात बघायचंच राहिलं.

मग तोटी कुठली? जेना जॅम्बेक आणि सहकाऱ्यांचा 2015 मधला अभ्यास या विषयात सगळ्यात जास्त सांगितला जातो. त्यांनी अंदाज काढला की 2010 या एका वर्षात जमिनीवरून समुद्रात 48 लाख ते 1 कोटी 27 लाख टन प्लास्टिक गेलं असावं. नंतर नद्यांवर जे काम झालं त्यात आकडे बरेच कमी आले, नद्यांमधून वर्षाला 8 लाख ते 27 लाख टन. आणि त्यात एक नवी गोष्ट कळली, की आधी वाटत होतं तसा बराचसा कचरा जगातल्या दहा-वीस मोठ्या नद्यांमधून येत नाही, तर हजाराहून जास्त नद्या मिळून 80 टक्के आणतात आणि त्यात मोठ्या शहरांतून वाहणाऱ्या छोट्या नद्यांचा वाटा फार आहे. 2021 च्या या अभ्यासात पहिल्या नंबरवर फिलिपिन्समधली मनिलाची पासिग आहे, आणि पहिल्या दहांत आपली उल्हास आहे. कर्जत, बदलापूर, कल्याण करत वसईच्या आणि ठाण्याच्या खाडीला मिळणारी उल्हास. हा संगणकावर मांडलेला अंदाज आहे, प्रत्येक नदीत जाऊन मोजलेलं नाही, तरी वाचून छातीत धस्स झालं, कारण त्या नदीच्या काठावर आमच्या अर्ध्या नातेवाइकांची घरं आहेत.

मिठीचंही तसंच. विहार आणि पवई तलावांच्या ओव्हरफ्लोपासून माहीमच्या खाडीपर्यंत साधारण 18 किलोमीटरची नदी. पण तिच्या काठावर जी वस्ती आहे तिथल्या किती गल्ल्यांत घंटागाडी शिरते? जिथे गाडी येत नाही तिथे कचऱ्याचं करायचं काय, जाळायचा किंवा नाल्यात टाकायचा. आमच्या बिल्डिंगमध्ये हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, हे सगळं त्या झोपडपट्टीवाल्यांचं काम. मला ते ऐकवत नाही. आमच्या एका मजल्यावर आठवड्याला जेवढे ऑनलाइन शॉपिंगचे बबल रॅप आणि डिलिव्हरीचे काळे डबे निघतात तेवढं प्लास्टिक तिथलं अख्खं घर महिन्यात वापरत नसेल, फक्त आमचं उचलायला माणूस दारात येतो.

आणि आता अरबी समुद्राचं. पॅसिफिकसारखा कायमचा भोवरा इथे नाही, कारण आपल्याकडे मान्सूनमुळे वारे वर्षातून दोनदा दिशा बदलतात. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून जमिनीकडे येतो आणि जे काही तरंगत असतं ते सगळं किनाऱ्यावर आणून टाकतो. मरीन ड्राइव्हच्या भिंतीवरून लाट येते आणि रस्त्यावर कचरा पसरतो, त्याचे व्हिडिओ दरवर्षी फिरतात, समुद्रानं परत केलं म्हणून. पण खरं म्हणजे समुद्र सगळं परत करत नाही. जगभरच्या समुद्रांवर तरंगणाऱ्या प्लास्टिकचा 2014 मधला एक अंदाज सुमारे 2 लाख 69 हजार टनांचा आहे. आत जातंय दरवर्षी लाखो टन, आणि वर दिसतंय एवढंच. बाकीचं गेलं कुठे? काही किनाऱ्यांच्या वाळूत पुरलं गेलंय, बरंच तळाला, आणि काही इतकं बारीक झालंय की जाळीत येत नाही. आयआयटी मुंबईच्या संशोधकांना 2018 मध्ये आपल्या रोजच्या मिठात हे कण सापडले, आणि मीठ बनवायच्या आधी समुद्राचं पाणी साध्या वाळूतून गाळलं तरी त्यातले बहुतेक निघून जातात हेही त्यांनीच सांगितलं.

कोळी लोकांशी बोललात तर हे सगळं त्यांना कधीपासून माहीत आहे. मुंबईच्या कोळीवाड्यांत बोंबील, करंदी धरायला डोल जाळं लावतात, म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड उघडं करून ठेवलेली मोठी पिशवीच. प्रवाहाबरोबर जे येईल ते आत. मासळीबरोबर पिशव्याही भरतात, जाळं जड होतं, फाटतं, आणि बंदरावर आल्यावर बायकांना बसून मासळीतून प्लास्टिक निवडावं लागतं, त्या वेळेचे पैसे कोणी देत नाही. जाळ्यांचा दोष मासेमारांचा असं वर कुणाला वाटलं असेल तर सांगते, जाळं मुद्दाम कोणी टाकत नाही, ते महाग असतं, ते वादळात किंवा ट्रॉलरच्या धडकेत तुटून जातं. आजोबांच्या काळात जाळी सुताची, तागाची असायची, ती हरवली तरी कुजायची. नायलॉनचं हरवलेलं जाळं वर्षानुवर्षं मासे आणि कासवं धरत राहतं, कोणी ओढायला नसतानाही. केरळात कोल्लमजवळच्या नीनडकरा बंदरात 2017 पासून मच्छीमारांनी जाळ्यात आलेलं प्लास्टिक परत समुद्रात न फेकता बंदरावर आणायला सुरुवात केली, तिथे ते दळून रस्त्याच्या डांबरात वापरतात.

निर्माल्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. खाडीच्या पुलावर गाडी थांबवून लोक निर्माल्याची पिशवी खाली टाकतात, इतकी, की पुलांना उंच जाळ्या लावाव्या लागल्या. ती माणसं वाईट नाहीत हो. देवाची फुलं कचऱ्यात जाऊ नयेत, कुणाच्या पायाखाली येऊ नयेत, वाहत्या पाण्यात जावीत ही भावना आहे, माझ्या आईचीही हीच होती. फक्त आई केळीच्या पानात बांधून न्यायची. फुलं चार दिवसांत पाण्यात मिसळतात. पिशवी राहते. अशा माणसाला तुला अक्कल नाही म्हणून काय होणार, त्याला पुलाच्या तोंडाशी निर्माल्य कलश पाहिजे, आणि तो भरला की रिकामा करणारा माणूस पाहिजे.

लोकांना दोष द्यायची ही सवय आपण काही एकट्यानं लावून घेतलेली नाही. अमेरिकेत 1953 मध्ये कीप अमेरिका ब्युटिफुल नावाची संस्था निघाली, तिच्यामागे पॅकेजिंग आणि कोल्ड्रिंक बनवणाऱ्या कंपन्या होत्या. तिनं 1971 मध्ये टीव्हीवर एक जाहिरात आणली, कचरा बघून रडणारा मूळनिवासी माणूस, आणि संदेश असा की प्रदूषण लोक सुरू करतात आणि लोकच थांबवू शकतात. त्याच सुमारास तिकडे परत भरायच्या काचेच्या बाटल्या जाऊन एकदा वापरून फेकायच्या बाटल्या येत होत्या. म्हणजे फेकायची वस्तू बनवणारे बाजूला राहिले आणि फेकणारा गुन्हेगार ठरला.

आता भावावर येते. दुधाची पिशवी घ्या. आपल्याकडे कित्येक घरांत ती धुऊन, खिडकीत वाळवून, चपटी करून साठवतात आणि महिन्यानं रद्दीवाल्याला देतात. हे कोणी पर्यावरणाचं लेक्चर ऐकून करत नाही, तिचे पैसे येतात म्हणून करतात, कारण ती एकाच जातीच्या प्लास्टिकची असते आणि वितळवून परत वापरता येते. पण पिशवी उघडताना कापलेला तो इवलासा कोपरा? तो बेसिनमधून गटारात जातो. वस्तू तीच, घर तेच, बाई तीच, संस्कार तेच. पिशवीला भाव आहे, कोपऱ्याला नाही. (कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा, तेवढ्यानं तोही रद्दीवाल्याकडे जातो.)

वेफर्सच्या पाकिटाचं उलट. ते एक प्लास्टिक नसतं, दोन-तीन थर असतात आणि मधे अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा, ओलावा आणि हवा आत जाऊ नये म्हणून. हे थर वेगळे करणं परवडत नाही. वजन म्हणाल तर दोन-चार ग्रॅम. पाण्याच्या चाळीस-पन्नास बाटल्या गोळा केल्या की किलो होतो, पाकिटं काही शे गोळा करावी लागतात आणि केली तरी घ्यायला कोणी नसतं. जास्तीत जास्त सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातं. मग दिवसभर उन्हात वाकून वेचणाऱ्या बाईनं ते का उचलावं? सॅशेची कथा जरा वेगळी आहे आणि मला ती अवघड वाटते, कारण रोजच्या कमाईवर जगणाऱ्याला अख्खी बाटली परवडत नाही, त्याच्यासाठी एक-दोन रुपयांची पुडीच आहे. तिला भाव नाही हा त्याचा गुन्हा कसा?

आपले कायदे नीट वाचले तर त्यातही हेच गणित लपलेलं दिसतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, शहर बुडालं, आणि नाले तुंबवल्याचा ठपका पातळ पिशव्यांवर आला. तेव्हापासून आपण पिशवी कमीत कमी किती जाड हवी याचे मायक्रॉनचे (म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे) नियम ऐकतोय, 50, मग देशभर 2021 मध्ये 75, 2022 अखेर 120. जाड पिशवीत प्लास्टिक उलट जास्त लागतं, मग त्यानं काय साधतं असं मला वाटायचं. साधतं हे, की जाड पिशवी दुकानदाराला फुकट द्यायला परवडत नाही, आणि फेकली तरी वजन असल्यामुळे कोणीतरी उचलतं. महाराष्ट्रानं 23 मार्च 2018 ला बंदीची अधिसूचना काढली आणि जूनपासून दंड सुरू झाला, पहिल्यांदा 5 हजार, दुसऱ्यांदा 10 हजार, तिसऱ्यांदा 25 हजार आणि तीन महिने कैद. पहिले काही महिने सगळे कापडी पिशव्या घेऊन फिरत होते, माझ्या मंडईतल्या भाजीवालीनं तर रिकाम्या हातानं येणाऱ्याला परत पाठवलं. मग हळूहळू सगळं पूर्वीसारखं झालं. पण त्याच अधिसूचनेत एक फार चांगली गोष्ट होती जी कुणाच्या लक्षात राहिली नाही, दुधाच्या पिशवीवर 50 पैसे परत मिळणार, पाण्याच्या बाटलीवरही परताव्याची रक्कम छापायची. म्हणजे ज्याला भाव नाही त्याला कायद्यानं भाव लावायचा. ती काही नीट चालली नाही.

दुसरीकडे चालते. जर्मनीत 2003 पासून बाटलीमागे 25 सेंट डिपॉझिट आहे, दुकानातल्या मशीनमध्ये रिकामी बाटली घातली की पैसे परत, आणि जवळपास सगळ्या बाटल्या परत येतात. इतक्या लांब कशाला, तामिळनाडूत निलगिरीच्या जंगलात हत्तींच्या पायाला दारूच्या फुटक्या बाटल्या लागायच्या म्हणून 2022 पासून बाटलीवर 10 रुपये डिपॉझिट लावलं आणि बाटल्या दुकानात परत यायला लागल्या. पिणारी माणसं तीच होती. गोव्यानंही 2024 मध्ये डिपॉझिटची योजना काढली आहे, तिथे ती कशी उतरते यावर माझं फार लक्ष आहे. आणि आपल्याला हे नवीन नाहीच, लहानपणी सोड्याच्या काचेच्या बाटल्या परत देऊन सुटे पैसे घेतलेच आहेत की आपण.

जगाच्या पातळीवर भांडण नेमकं इथेच अडलंय. 2022 च्या मार्चमध्ये नैरोबीत ठरलं की प्लास्टिकवर सगळ्या देशांचा एक बंधनकारक करार करायचा. दक्षिण कोरियातल्या बुसानला 2024 मध्ये नाही झाला, जिनिव्हाला ऑगस्ट 2025 मध्येही नाही. काही देश म्हणतात मुळात बनवणंच कमी करा, तेल विकणारे देश म्हणतात कचऱ्याचं काय ते बघा, उत्पादनाला हात लावू नका. आणि जगात वर्षाला 46 कोटी टनांच्या आसपास प्लास्टिक बनतंय, त्यातलं रिसायकल होतं साधारण 9 टक्के. नळ चालू ठेवून फरशी पुसायची असा तो प्रकार आहे.

मग बीच क्लीनअपला जायचं की नाही, हे मला नेहमी विचारतात. जायचं, नक्की जायचं. वर्सोव्याला अफरोज शाह या वकिलानं 2015 मध्ये एका ऐंशी पार केलेल्या शेजाऱ्याबरोबर दोघांनीच सुरुवात केली, दर वीकेंडला, आणि 2018 च्या मार्चमध्ये त्या किनाऱ्यावर अनेक वर्षांनी ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं अंड्यांतून बाहेर येऊन समुद्राकडे गेली. वाळू मोकळी झाली म्हणून ती जाऊ शकली.

फक्त आम्ही आता एक बदल केलाय आणि तुम्हीही करा असं वाटतं. सगळं एकाच काळ्या पिशवीत भरायचं नाही. चार पोती, एक विकलं जाणाऱ्याचं, ते तिथल्या वेचणाऱ्या बाईंना, त्या आधी येऊन गेल्या असतील तर पुढच्या खेपेसाठी बाजूला. एक जाळी आणि दोऱ्यांचं. एक थर्माकोलचं. आणि चौथं रॅपर आणि सॅशेंचं, त्यातलं एक-एक वाळूवर पसरून कुठल्या कंपनीचं किती ते वहीत लिहायचं, फोटो काढायचा. 2022 च्या नियमांनुसार आपण बाजारात आणलं तेवढं प्लास्टिक गोळा करून त्याची सोय लावायची जबाबदारी कंपन्यांची आहे, त्यामुळे ती वही प्रदूषण मंडळाच्या ऑफिसात घेऊन जाता येते. आमची पहिली वही भरत आलीय. गेल्या वेळी चौथं पोतं बाकीच्या तिन्हींपेक्षा मोठं झालं होतं.